पाव, पगार आणि परकेपणा

वसईच्या किल्ल्याला लागून, खाडी जेथे समुद्राला मिळते तेथे, पाचूबंदर ही कोळ्यांची वस्ती आहे. वस्ती मुख्यतः ख्रिस्ती असून तिचे पोट समुद्रावर आहे. या वस्तीतून वसईच्या एका महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थिनीला गेल्या सत्रात निबंधासाठी ‘आपल्या दैनंदिन जीवनावरील परकीय प्रभाव’ हा विषय मिळाला. विषय तसा घासून गुळगुळीत झालेला. वर्गातील बहुतेकांनी पिझ्झा, जीन्स, कोरियन मालिका आणि मोबाइल यांची नावे घेतली, शेवटी आपल्या थोर परंपरेचा जयजयकार केला आणि सुटका करून घेतली. या मुलीला ते जमले नाही. विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा शेजारच्या बाकावरील मैत्रीण हसत म्हणाली होती, “तुला काय, सोपंच आहे. तुमचं सगळंच बाहेरचं. आडनाव, सण, देवसुद्धा.” बोलण्यात कुचेष्टा नव्हती, द्वेष तर नव्हताच. एखादी सर्वमान्य गोष्ट सांगावी तसे ते वाक्य सहज आले, आणि त्या सहजपणामुळेच ते रुतले.

मुलगी अभ्यासू. तिने घरी गेल्यावर वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढली. डावीकडे ‘आपले’ आणि उजवीकडे ‘परके’ असे मथळे दिले आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत ज्या ज्या वस्तूला घरात हात लागतो ती ती वस्तू, शब्दकोश जवळ ठेवून, एकेका रकान्यात टाकीत गेली. दुपारपर्यंत उजवा रकाना पानाच्या तळाला टेकला. दाराची बिजागरी, कुलपाची चावी, पाण्याचे पिंप, न्हाणीतली बादली, न्याहारीचा पाव, इस्त्रीचे कपडे, केसांची फीत, रेती वाहायचे घमेले, विरारच्या गाडीने कामाला जाणाऱ्या भावाचा पगार, आणि बापाची होडी बंदराला लागल्यावर पुकारला जाणारा मासळीचा लिलाव. हे सारे शब्द पोर्तुगिजांकडून आलेले. साबणाच्या बाबतीत पंडितांत मतभेद आहेत. काहींच्या मते तो अरबीच्या वाटेने आला. कोणत्याही वाटेने आला तरी तो डाव्या रकान्यात जात नाही, हे उघड आहे.

येथपर्यंत मैत्रिणीचे म्हणणे खरे ठरत होते. पण मग मुलीच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. बिजागरी काही फक्त पाचूबंदरच्या दारांना नसते. ती सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या दारालाही असते. सरकारी कचेरीतला कारकून महिनाअखेरीस ज्याची चातकासारखी वाट पाहतो तो पगार पोर्तुगीज आहे, आणि हिशेबात गडबड केली तर ज्यात जावे लागते तो तुरुंगही पोर्तुगीजच. ज्या हापूसचा अवघ्या कोकणाला अभिमान, त्याच्या नावात एक पोर्तुगीज अफोन्सो दडून बसला आहे. म्हणजे वहीतला उजवा रकाना केवळ ख्रिस्ती कोळ्याच्या घराचा नव्हता, तो अखंड महाराष्ट्राचा होता. फरक इतकाच की त्यासाठी जाब एकट्या पाचूबंदरला विचारला जात होता.

स्वयंपाकघरात तर ही गोष्ट गमतीची होऊन जाते. महाराष्ट्रात शुद्धतेची सर्वांत मोठी कसोटी म्हणजे उपवासाचे ताट. कांदा नाही, लसूण नाही, धान्य नाही. जे सर्वांत निर्मळ तेच त्या दिवशी पोटात जायचे. आता त्या ताटाकडे पाहावे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा, आणि साबुदाण्याच्या नावातला ‘साबु’ मलय भाषेतला. शेंगदाणा, बटाटा आणि रताळे अमेरिकेचे, तिखटपणाला घातलेली हिरवी मिरचीही तिकडचीच. ज्ञानेश्वरांच्या काळी एकादशी होती, पण साबुदाण्याची खिचडी नव्हती; असणे शक्यच नव्हते, कारण कोलंबस जन्माला यायला अद्याप दीडशे वर्षांहून अधिक अवकाश होता. ज्या वस्तू फिरंग्यांच्या गलबतांतून आल्या त्याच इथल्या सोवळ्यात जाऊन बसल्या. याबद्दल कोणी हळहळण्याचे कारण नाही. पचवण्याची ताकद असलेल्या समाजाचे हे लक्षण आहे. मात्र हीच ताकद शेजाऱ्याने दाखवली तर तिला बाटगेपणा म्हणायचे, हा हिशेब सरळ नाही.

घंटांचे उदाहरण याहून बोलके आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशाहने तहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे पाच वर्षांत किल्ल्यात आणि आसपास चर्चे उभी राहिली होती, त्यांच्या मोठमोठ्या घंटा मराठी फौजांनी विजयचिन्हे म्हणून घाटावर नेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला त्या आजही पाहायला मिळतात. नारोशंकराची घंटा तर म्हणीत जाऊन बसली. त्या घंटेवरचा क्रूस पाहून कोणी भाविक देवळातून परत फिरल्याचे ऐकिवात नाही. ओतीव धातूची फिरंगी घंटा दोन-अडीचशे वर्षांत नाशिककर होऊ शकते. ज्या माणसांच्या गावातून ती नेली ती माणसे मात्र पिढ्यान्‌पिढ्या याच किनाऱ्यावर, याच भाषेत, याच समुद्रावर जगूनही बाहेरचीच राहतात.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. बटाटा बाजाराने आला, धर्म तलवारीने आला, असे म्हटले जाते. पोर्तुगीज राजवटीत सक्ती झाली, देवळे पाडली गेली, हा इतिहास आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. परंतु इतिहास १७३९ ला थांबत नाही. त्या वर्षी सक्ती करणारे हात गलबतात बसून निघून गेले. त्यानंतर पेशव्यांचे राज्य आले, मग इंग्रजांचे, मग स्वराज्य. जवळजवळ तीन शतके कोणाच्या तलवारीचा धाक नसताना वसईच्या कोळ्यांनी, सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती शेतकऱ्यांनी आपली श्रद्धा आपणहून जपली. सक्तीने आलेली वस्तू सक्ती गेल्यावर टिकत नसते. जी टिकली ती मग त्यांची झाली, ती कशी आली हा प्रश्न इतिहासाच्या परीक्षेपुरता उरला.

तरीही हा प्रश्न अधूनमधून उकरला जातोच. वसईतील नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आयुष्य मराठी लिहिण्यात घालवले, बायबल सुबोध मराठीत आणले, ‘सुवार्ता’ मासिकाचे वर्षानुवर्षे संपादन केले, वसईची हिरवाई वाचावी म्हणून झुंडशाहीशी झुंज दिली. उस्मानाबादला जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली तेव्हा काही संघटनांना त्यांचे साहित्य दिसले नाही, झगा तेवढा दिसला. दिब्रिटो २०२४ मध्ये निवर्तले. बाकावरच्या मैत्रिणीचे ते हसरे वाक्य आणि संमेलनाच्या वेळचा तो आक्षेप यांत स्वराचा फरक आहे, आशयाचा नाही.

आता निबंधाच्या ओघात ही मुलगी सयामपर्यंत, म्हणजे आजच्या थायलंडपर्यंत कशी गेली, ते सांगितले पाहिजे. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा तिच्या परिसराचा संत. वडील पोर्तुगीज, आई इथली. हा तरुण सोळाव्या शतकात व्यापाराच्या आणि धर्मकार्याच्या निमित्ताने जपानपर्यंत गेला, तेथली भाषा शिकला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये रोमने त्याला संतपद दिले. जपानातील त्या छळामुळे अनेक ख्रिस्ती कुटुंबे परागंदा झाली आणि त्यांतली काही सयामची तत्कालीन राजधानी अयुथ्थया येथे स्थिरावली. त्या वस्तीत जपानी व पोर्तुगीज रक्ताची मारिया गुयोमार नावाची स्त्री सतराव्या शतकात होऊन गेली. अंड्याच्या पिवळ्या बलकाचे सोनेरी धागे पाकात सोडून करायचे जे पक्वान्न आज थाई लग्नात शुभ मानून वाढतात, ते पोर्तुगिजांचे. तेथे ते रुजवल्याचे श्रेय परंपरा या मारियाला देते. म्हणजे पाचूबंदरच्या न्याहारीतला पाव आणि बँकॉकच्या लग्नातली मिठाई, या एकाच गलबताच्या दोन फेऱ्या होत. थाई भाषेत पावाला ‘खनोम पांग’ म्हणतात आणि साबणाला ‘सबू’. मिरचीवाचून ज्या थाई जेवणाची कल्पनाच करता येत नाही ती मिरचीही तेथे अमेरिकेतूनच, सोळाव्या शतकानंतर पोहोचली.

सयामच्या इतिहासात असे दाखले पावलोपावली भेटतात. तेथील राजा चुलालाँगकॉर्न १८७२ मध्ये हिंदुस्थानच्या प्रवासाला आला. कलकत्त्यात त्याच्यासाठी गळ्यापर्यंत गुंड्यांचा पांढरा कोट शिवण्यात आला. त्याला ‘राज’ आणि ‘पॅटर्न’ हे शब्द जोडून नाव मिळाले आणि तो पुढे सयामी सरदारांचा औपचारिक पोशाख ठरला. १९३९ मध्ये पंतप्रधान फिबून यांनी देशाचे नाव थायलंड केले आणि राष्ट्रीय संस्कृती घडवण्यासाठी फर्माने काढली. त्या काळात नागरिकांना सुसंस्कृत दिसण्यासाठी हॅट घालावी लागे, विडा खाणे बंद झाले, आणि चिनी धर्तीच्या शेवयांचा एक प्रकार राष्ट्रीय खाद्य म्हणून पुरस्कारला गेला. शुद्ध राष्ट्रीयत्व शोधायला निघालेल्या सरकारच्या हाती युरोपची टोपी आणि चीनच्या शेवया लागाव्यात, यातला विनोद सरकारला कळला नसावा. सरकारांना तो सहसा कळत नाही.

पण मराठी वाचकाला अधिक अंतर्मुख करणारी गोष्ट वेगळीच आहे. सयामच्या पुस्तकात ‘परकीय प्रभाव’ या सदरात पहिले नाव असते ते भारताचे. अयुथ्थया म्हणजे अयोध्या. तेथील राजे राम म्हणवतात, त्यांचे राष्ट्रीय काव्य रामायणावर बेतलेले, विमानतळाचे नाव सुवर्णभूमी, दोन्ही हात जोडून केलेला नमस्कार हीच तेथली रीत. हे सांगताना इकडच्या वक्त्यांचा ऊर भरून येतो आणि ‘भारताचा सांस्कृतिक दिग्विजय’ असा शब्दप्रयोग होतो. येथून गेले की दिग्विजय आणि येथे आले की आक्रमण, ही तऱ्हा व्यापाऱ्याच्या दोन वजनांसारखी आहे: घ्यायचे माप वेगळे, द्यायचे वेगळे. थाई शेतकऱ्याला रामकथा सांगताना आपण भारताचे ऋणी असल्याची आठवण होत नाही. ती त्याची आजी सांगे, म्हणून ती त्याची. वसईची सुकेळी खाताना केळ आग्नेय आशियाच्या बाजूने आले, हे तरी कोणाच्या मनात येते?

मग परकीय प्रभाव ही केवळ बाऊ करून ठेवलेली गोष्ट म्हणायची काय? नव्हे. त्याचे उत्तरही वसईतच आहे. पहिल्या तहाची हकीगत वर आलीच. दुसरा तह ३१ डिसेंबर १८०२ चा. यशवंतराव होळकरांकडून पुण्याजवळ पराभूत झालेला दुसरा बाजीराव वसईला आला आणि त्याने इंग्रजांशी करार केला. इंग्रजांची फौज कायमची पदरी ठेवायची, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, दुसऱ्या राज्यांशी बोलणे इंग्रजांच्या सल्ल्याने करायचे, आणि इंग्रजांशी वैर असलेला युरोपियन चाकरीस ठेवायचा नाही. परकीयांना ठेवू नये, अशी अट परकीयानेच घातली होती! त्या तहाने वसईच्या कोणाही माणसाचा पोशाख बदलला नाही, ताटातला एकही पदार्थ बदलला नाही, देव्हारा हलला नाही. फक्त राज्य गेले. सयामवर कोणत्याही युरोपीय सत्तेने राज्य केले नाही असे अभिमानाने सांगितले जाते, पण १८५५ मध्ये सर जॉन बाऊरिंग यांच्याशी झालेल्या तहाने सयामला आयात मालावर तीन टक्क्यांहून अधिक जकात घेण्याची बंदी झाली आणि इंग्रज प्रजाजन तेथील न्यायालयांच्या कक्षेबाहेर गेले. ती गाठ सोडवायला सयामला सुमारे सत्तर वर्षे लागली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता परकेपणाची खरी मोजणी वस्तूत होत नाही, ती अटीत होते. वस्तू कोठून आली हे विचारून फारसे काही हाती लागत नाही. ती कोणत्या अटीवर आली, नाकारण्याची मुभा होती काय, आणि घेणाऱ्याला ती आपल्या सोयीने वाकवता आली काय, हे विचारावे लागते. बटाटा वाकला आणि उपवासाला चालू लागला. सव्वीस लाखांचा मुलूख वाकला नाही.

ही कसोटी घेऊन पाचूबंदरच्या किनाऱ्यावर उभे राहिले तर चित्र एकदम पालटते. बांबूंवर रांगेने सुकत घातलेले बोंबील, जाळी दुरुस्त करणारी माणसे, पाट्या घेऊन निघालेल्या कोळणी: पाहुण्याला हे सारे अस्सल आणि प्राचीन वाटते, तो छायाचित्र काढून जातो. पण जाळे नायलॉनचे आहे. पूर्वीचे सुताचे जाळे घरी विणले जाई. आताचे विकत आणावे लागते. होडीला इंजिन आहे, इंजिनाला डिझेल लागते आणि त्याचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. डिझेलवरील कराचा परतावा मिळतो खरा, पण तो कागदपत्रांच्या वाटेने येतो आणि समुद्र तोवर थांबत नाही. बर्फ विकतचा. पापलेट, कोळंबी, म्हाकूल यांना भाव येतो तो परदेशी गिऱ्हाइकामुळे, आणि पडतो तोही त्याच्यामुळेच. ज्या व्यापाऱ्याकडून हंगामाच्या आरंभी उचल घ्यावी त्यालाच मासळी घालावी लागली, तर त्या लिलावात लिलाव किती उरतो, हे वेगळे सांगायला नको. यांपैकी कशालाही कोणी परकीय आक्रमण म्हणत नाही. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराला केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. जगातली मोठमोठी मालवाहू जहाजे तेथे लागावीत असा संकल्प आहे. मच्छीमारांचा त्याला वर्षानुवर्षे विरोध राहिला, आणि तो विरोध परदेशी जहाजांना नाही. समुद्राचा तुकडा कोणी कोणाला, कोणत्या अटीवर दिला, हे ते विचारतात. पाव आणि गाऊन यांवर तावातावाने बोलणारे संस्कृतिरक्षक या प्रश्नावर फारसे बोलताना आढळत नाहीत.

शेवटची गोष्ट भाषेची. पोर्तुगिजांना दोनशे पाच वर्षांत वसईची भाषा बदलता आली नाही. शेकड्यांनी शब्द देऊन ते गेले, पण क्रियापदे मराठीच राहिली. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना वाव दिला, तेव्हा वसईच्या चर्चांनी मराठीचे दार उघडले. तेथली प्रार्थना, भजने, प्रवचने मराठीत होऊ लागली. जी भाषा साम्राज्याला नमली नाही ती आता एका शाळाप्रवेशाच्या अर्जाला नमते आहे. याचा दोष आईबापांना देणे अन्यायाचे होईल. समुद्रावर मुलाने जाऊ नये असे कोळ्याला वाटत असेल, तर नोकरीची भाषा त्याला मुलाला द्यावीच लागते, आणि ती मराठी नाही, हे त्याने ठरवलेले नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले गेले. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा निर्णय झाला तेव्हा रणकंदन झाले आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. या दोन्ही वेळी घोषणा देणाऱ्यांची मुले कोणत्या माध्यमाच्या शाळेत होती, ही मोजणी कोणी केलेली नाही. केल्यास ती उद्बोधक ठरेल. येथे अट उघड आहे, तहनामा मात्र कोणी लिहिलेला नाही, म्हणून तो मोडायचा कोणाशी हेही कळत नाही.

पाचूबंदरच्या त्या विद्यार्थिनीने निबंध पुरा केला तेव्हा मधली रेघ खोडून टाकली होती. निबंधाला बरे गुण मिळाले. तिचे महाविद्यालयीन शिक्षण इंग्रजी माध्यमातून चालले असल्याने तो अर्थातच इंग्रजीत होता. घरी आजीने, आपल्याविषयी काय लिहिले आहेस, म्हणून तो वाचून दाखवायला लावला. मुलगी एकेका वाक्याचा अर्थ सांगत पुढे जात होती. ‘ऑक्शन’ शब्दापाशी आजीने तिला थांबवले आणि ते काय म्हणून विचारले. लिलाव, असे मुलीने सांगितले.

“मग तसंच लिहायचं की,” आजी म्हणाली. “आपला शब्द असताना बाहेरचा कशाला?”